उभ्या गाडीत शिरणारे उंदीर, साप, मांजरं: तुमचे अनुभव आणि खरंच चाललेले उपाय

कातरवेळ (पुणे)
नमस्कार मंडळी. चार दिवस हाच विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागा काढते. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटल जवळच होतं म्हणून आम्ही रिक्षानेच ये-जा करत होतो आणि गाडी जवळजवळ तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली. परवा त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं म्हणून चावी फिरवली तर इंजिन थरथरायला लागलं, चेक इंजिनचा लाईट लागला आणि एसी लावल्यावर असा वास आला की सासूबाईंना लगेच बाहेर घ्यावं लागलं. बॉनेट उघडलं तर आतल्या बाजूचं काळं फेल्ट अर्धं फाडलेलं, बॅटरीच्या मागे त्याच फेल्टचं, दुधाच्या पिशव्यांचं आणि वर्तमानपत्राचं घरटं, त्यात पोळीचे तुकडे, ज्वारीचे दाणे. इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरी कुरतडलेल्या, मोजल्या तर अकरा. काच धुवायच्या पाण्याची नळीपण गायब.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पूर्ण वायरिंग हार्नेस बदला, 62 हजार, आणि पार्ट यायला तीन आठवडे. गाडी चार वर्षं जुनी, पेट्रोल, 1200 सीसी. माझे प्रश्न: वायरिंग पूर्ण बदलावंच लागतं का? इन्शुरन्समध्ये बसतं का? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? शेजाऱ्यांनी डांबर गोळ्यांपासून तंबाखूपर्यंत सगळं सांगून झालंय. विष मला नको आहे, खाली एक मांजर आणि तिची तीन पिल्लं आहेत, शिवाय गणपती तोंडावर आलेत तर सासूबाईंचं म्हणणं की त्याच्या वाहनाला निदान आत्ता तरी मारू नका.

वायरमन_सातारा
ताई, माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकचंच काम आहे, बावीस वर्षं झाली. पावसाळ्यात आठवड्याला एखादी तरी अशी गाडी येते. बिळांत पाणी शिरतं, कोरडी उबदार जागा लागते, आणि संध्याकाळी आलेल्या गाडीचं इंजिन रात्री बराच वेळ कोमट असतं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडून झिजवले नाहीत तर त्याला खाताच येणार नाही. वायर त्याला दातांच्या मापाची मिळते. हल्ली वायरीच्या वेष्टनात सोयाबीन असतं म्हणून खातात असं सगळीकडे फिरतंय, अमेरिकेत त्यावरून कंपन्यांवर दावेपण झाले, पण मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या जीपगाड्यांच्या वायरीसुद्धा अशाच खाल्लेल्या बघितल्यात तेव्हा तेवढं एकच कारण धरून बसू नका.

आता तुमचं. अकरा वायरींसाठी पूर्ण हार्नेस बदलायची गरज बहुतेक वेळा नसते, मात्र कनेक्टर शाबूत पाहिजेत आणि जोडणारा माणूस नीट पाहिजे. त्याच जाडीची, जमलं तर त्याच रंगाची वायर घ्यायची, जोड सोल्डर किंवा क्रिंप करायचा, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि सगळे जोड एकाच जागी आणायचे नाहीत, पुढेमागे ठेवायचे म्हणजे गठ्ठा फुगत नाही. वरून कापडी टेप आणि नालीदार पाईप. नुसतं पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर ते काम घेऊ नका, पावसाळ्यात त्या जोडात हिरवा गंज धरतो, तो जोड तापतो, आणि गाडी पेटल्याच्या ज्या बातम्या येतात त्यात अशा जोडांचा वाटा मोठा आहे असं माझं अनुभवातलं मत आहे. पिवळ्या वेष्टनातल्या एअरबॅगच्या वायरी खाल्ल्या असतील तर त्या जोडायच्या नाहीत, बदलायच्याच. इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबलना तर हातच लावायचा नाही, ते कंपनीच्याच माणसाचं काम.

सगळ्यात आधी एक बघा. पेट्रोलचा वास येतोय का? इंधनाची रबरी नळी असेल तर तीपण कुरतडतात. वास असेल तर चावी फिरवूच नका, बॅटरीची वायर काढून ठेवा आणि गाडी उचलून न्या. ब्रेकच्या नळ्यांवरूनही टॉर्च फिरवून घ्या.

आकडेमोड
विम्याबद्दल लिहितो, मी सर्व्हेयरबरोबर, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या माणसाबरोबर, काही वर्षं काम केलंय. नुसता थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) असेल तर काहीच मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचाही विमा) असेल तर उंदरांनी केलेलं नुकसान बऱ्याच कंपन्या देतात पण सगळ्या पॉलिसींचे शब्द सारखे नसतात, तुमच्या पॉलिसीतलं अपवादांचं पान आज रात्रीच वाचा. दावा करायचा असेल तर काहीही उघडण्याआधी कळवा, घरट्याचे, कुरतडलेल्या वायरींचे, किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, घरटं सर्व्हेयर बघेपर्यंत साफ करू नका. आणि गाडी चालवत नेऊ नका, टो करा. लाईट लागलेला असताना चालवली आणि पुढे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जळाला तर ते नंतर झालेलं नुकसान म्हणून नाकारतात, त्यांच्या भाषेत कॉन्सिक्वेन्शियल लॉस.

किती मिळेल ते बघा. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापला जातो, झिरो डेपचं जादा कव्हर घेतलं असेल तर तो कापत नाहीत. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे सक्तीचे 1000 रुपये तुमचे, त्यावरच्या गाडीला 2000. आणि मोठं म्हणजे नो क्लेम बोनस, दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो पहिल्या वर्षानंतर 20, मग 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढत जातो, एक दावा केला की पुढच्या वर्षी शून्यावर. चार वर्षं दावा नसेल तर तुम्हाला या नूतनीकरणाला 45 टक्के मिळणार होता. तेव्हा वायरमनदादा म्हणतात तसं काम सहा-सात हजारात होणार असेल तर खिशातून करा, 62 हजारच लागणार असतील तर दावा करा. वॉरंटीत हे बसत नाही, ते बाहेरच्या कारणाने झालेलं नुकसान धरतात.

मीनल_ठाणे
वाचतेय. आमच्याकडे तंबाखूची सुकी पानं कापडात बांधून बॉनेटखाली ठेवली होती, महिनाभर चांगला फरक पडला, मग पावसाळ्यात पानांना बुरशी आली आणि परत लेंड्या दिसायला लागल्या. आता दर पंधरा दिवसांनी बदलते. डांबर गोळ्या सीटखाली ठेवल्यात.

बालरोग_ताई
मीनल, सीटखालच्या डांबर गोळ्या आज काढा ग. नॅफ्थलीनची वाफ बंद गाडीत उन्हात भरून राहते, डोकं दुखतं, मळमळतं, आणि ज्या मुलांना जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बऱ्याच घरांत आपल्या मुलाला ती कमतरता आहे हे माहीतच नसतं. तान्ही बाळं असलेल्या गाडीत तर नकोच नको.

आणि कातरवेळ, तो एसीचा वास. उंदराने ब्लोअरमध्ये किंवा केबिन फिल्टरवर लघवी केलेली असणार. साफ होईपर्यंत एसी लावू नका, सासूबाई ऑपरेशनमधून उठताहेत. साफ करताना कोरडं झाडायचं नाही, आधी ओलं करायचं: एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, ते शिंपडून पाच मिनिटं ठेवायचं, हातमोजे आणि मास्क घालून कागदाने उचलायचं, ते कागद पिशवीत बांधून टाकायचे. ज्याच्या हाताला जखम आहे त्याने हे काम करूच नये. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) उंदराच्या लघवीतून जखमेवाटे शरीरात जातो, 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत आम्ही वॉर्डच्या वॉर्ड भरलेले बघितलेत, मी तेव्हा शिकत होते. साफसफाईनंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर डॉक्टरांना उंदरांची घाण साफ केली होती हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही, आणि औषध वेळेत सुरू झालं तर आजार आटोक्यात येतो. केबिन फिल्टर नवीन टाका, जुना धुऊन परत लावू नका.

कातरवेळ (पुणे)
इतक्या लवकर इतकी माहिती, मनापासून आभार. पेट्रोलचा वास नाहीये, बघितलं. एसी बंद केलाय. पॉलिसी काढून बसलेय.

सर्किट_नाशिक
अल्ट्रासॉनिक यंत्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाराशे रुपयांचं बॅटरीला जोडायचं घेतलं होतं, पहिले दहा दिवस शांत, मग त्याच यंत्राची वायर खाल्ली. उंदीर आवाजाला सरावतात आणि तो आवाज इंजिनाच्या लोखंडामागे पोचतही नाही. अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) 2001 मध्येच या यंत्रांच्या उत्पादकांना आणि विक्रेत्यांना दाव्यांना शास्त्रीय पुरावा ठेवा म्हणून ताकीद दिली होती. मला ज्याचा उपयोग झाला ते म्हणजे जाळी. डॅशबोर्डच्या बाहेर, वायपरखाली जिथून एसीला बाहेरची हवा मिळते तिथे पाव इंची स्टीलची जाळी बसवून घेतली, साडेतीनशे रुपये. घरउंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून जातो, त्यामुळे त्याहून मोठी जाळी घेऊ नका. आणि गाडी लावताना एसीचं बटण आतली हवा फिरवायच्या खुणेवर ठेवा, मग बाहेरच्या हवेची झडप बंद राहते आणि केबिनचा तो रस्ता बंद होतो. जाळीने इंजिनातल्या वायरी वाचत नाहीत हे मात्र खरं, ते खालून टायरवरून चढतातच.

वायरींसाठी होंडा कंपनी अमेरिकेत तिखट लावलेली टेप विकते, मिरचीतलं कॅप्सायसिन असतं त्यात. चुलतभावाकडून एक गुंडाळी मागवली होती, दोन पावसाळे झाले, टेप लावलेल्या वायरींना दात नाही. लावताना हातमोजे घाला, मी डोळ्याला हात लावला होता आणि तासभर पाण्याखाली डोळा धरून बसलो.

सर्पसखा_चिपळूण
हा धागा साप या शब्दासाठी उघडला पण वरचं सगळं वाचून एकच सांगावंसं वाटतं, साप तुमच्या गाडीसाठी येत नाही, तुमच्या उंदरासाठी येतो. गेली चौदा वर्षं साप सोडवतोय. गाडीतून, रिक्षातून, स्कूटरच्या हेडलाईटमागून, एकदा एस्टीच्या बॅटरीच्या खणातून काढलेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा तिथे उंदराचं घरटं नाहीतर लेंड्या सापडल्यात. सगळ्यात जास्त धामण असते, ती बिनविषारी आणि उंदीर खाण्यात पटाईत, पण सहा-सात फुटांचं जनावर बंपरमधून बाहेर आलं की माणूस घाबरणारच, त्यात कोणाची चूक नाही. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात फुरसंही पुष्कळ, ते हाताएवढंच असतं आणि चाकाच्या वरच्या कमानीत, चिखलपंख्याच्या आत असं बसतं की दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात टायरला हवा भरताना, वॉल्व्हचं टोपण काढताना नुसता हात घालू नका, आधी टॉर्च.

गाडीत साप दिसला तर काय करायचं ते नीट लिहितो कारण दरवेळी लोक नेमकं उलटं करतात. गाडी चालू करायची नाही, पट्ट्यात किंवा पंख्यात तो चिरडतो आणि अर्धमेला साप जास्त धोक्याचा. फिनाईल, रॉकेल, गरम पाणी ओतायचं नाही, त्याने तो आणखी आत डॅशबोर्डकडे सरकतो आणि मग सगळं खोलावं लागतं. काठी खुपसायची नाही. चारही दारं आणि बॉनेट उघडायचं, सगळ्यांनी दहा-पंधरा फूट लांब व्हायचं, एका माणसाने नजर ठेवायची आणि वन विभागाच्या 1926 नंबरला फोन करायचा, टोल फ्री आहे, तिथून जवळच्या माणसाशी गाठ घालून देतात. बऱ्याचदा आम्ही पोचेपर्यंत शांतता मिळाली की तो आपणहून उतरून निघून जातो. तो गेला हे डोळ्यांनी बघितलं नसेल तर मात्र गेला असं धरू नका. मोबाईलमध्ये शूटिंग करायला पुढे जाणारी तरुण पोरं हा आमच्यासाठी सापापेक्षा मोठा घोर असतो. साप मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी एक धामण वर्षभरात तुमच्या पार्किंगसाठी जे काम करते ते कुठलं औषध करत नाही.

चावलाच तर: आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलवायचा नाही, 108 ला फोन आणि सरळ उपजिल्हा किंवा सिव्हिल हॉस्पिटल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस एकच आहे, आपल्या मुंबईतल्या हाफकिनमध्येपण ती बनत आलीय. साप पकडून न्यायची गरज नाही.

वेण्णाकाठ
दादा, स्कूटरच्या डिकीतला अनुभव आहे, तस्कर जातीचा बिनविषारी साप होता. तुम्ही लिहिलंय तसंच केलं, दूर थांबलो, वीस मिनिटांत गेला. ज्या गाडीत मुलगी शाळेत बसून जाते त्याच गाडीत तो रात्रभर होता हे मनातून जायला मात्र महिना लागला.

श्टुटगार्टहून_केतकी
इथल्या जर्मनीतल्या पार्किंगची गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहिते, कोणाला उपयोग होईल. इथे उंदरापेक्षा मार्डर नावाच्या प्राण्याचा त्रास, आपल्या उदमांजराएवढा, गळ्याखाली पांढरा डाग. 1970 च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या बाजूने या तक्रारी सुरू झाल्या असं सांगतात, आणि आता जर्मन विमा संघटनेच्या आकड्यांत दरवर्षी दोन लाखांच्या वर गाड्या असतात. विम्याच्या अर्ध्या कव्हरमध्येही तो वेगळा लिहिलेला असतो, आम्ही पॉलिसी घेताना पहिलं तेच विचारतो.

गंमत वाटेल पण तो भुकेने चावत नाही. इंजिनात येऊन झोपतो, आपला वास सोडतो, आणि तोपर्यंत बहुतेक काहीच होत नाही. तुम्ही ती गाडी दुसऱ्या गावी नेलीत, तिथल्या मार्डरला तिच्यात परक्या नराचा वास आला की तो चिडून दिसेल ते रबर चावतो. म्हणून वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत, त्यांच्या हद्दी ठरायच्या दिवसांत, सर्वात जास्त. माझ्या नवऱ्याची गाडी ऑफिसच्या गावी आणि घरी अशी आळीपाळीने उभी असायची आणि आमच्या गल्लीत तीच एक सारखी चावली जायची, कारण कळायला दोन वर्षं गेली. त्याच्या दातांचं भोक सुईएवढं असतं, कूलंटच्या नळीला पडलं तर लगेच कळत नाही, हायवेवर इंजिन तापतं तेव्हा कळतं.

आम्ही केलं ते असं. इंजिन आणि गाडीखालची जमीन दोन्ही धुऊन वास घालवला, आणि लाकडी चौकटीला कोंबड्यांची जाळी ठोकून ती पुढच्या चाकांमध्ये जमिनीवर टाकायला लागलो. हलत्या जाळीवर पाय ठेवायला तो तयार नसतो. दोन वर्षं झाली. वास धुणं ही गोष्ट तुमच्याकडेही करून बघण्यासारखी वाटते, उंदीरसुद्धा लघवीच्या वासाचा माग काढत त्याच जागी परत येतात ना.

सिएरा_ट्रेकर
कॅलिफोर्नियात सिकोया नॅशनल पार्कच्या मिनरल किंगला उन्हाळ्याच्या सुरुवातीला जा, पार्किंगमधल्या गाड्या खालून वरपर्यंत निळ्या ताडपत्रीत बांधलेल्या दिसतील. तिथले मार्मट (खारीच्या जातीचा मांजराएवढा प्राणी) रेडिएटरच्या नळ्या खातात. आम्हीही ताडपत्री अंथरून त्यावर गाडी घेतली आणि चारी बाजूंनी वर बांधली. परत निघताना बॉनेट उघडून बघा अशा पाट्या आहेत, मार्मट इंजिनात बसून कितीतरी मैल लांब गेल्याचे प्रकार झालेत.

दयाळ_प्रेमी
थोडं वेगळं. माथेरानला दस्तुरीला गाडी लावून गेलो, परत आलो तर माकडांनी दाराचं रबरी बीडिंग सोलून काढलेलं, एक वायपर वाकवलेला. मागच्या सीटवर केळ्यांची पिशवी बाहेरून दिसत होती, तेवढं पुरलं. तेव्हापासून खाण्याची कुठलीच गोष्ट काचेतून दिसेल अशी ठेवत नाही. आणि मार्च ते जुलै कोणाच्या गाडीच्या आरशावर रोज सकाळी पक्षी चोची मारत असेल आणि आरसा घाण करत असेल तर तो दयाळ असण्याची शक्यता जास्त, विणीच्या दिवसांत आरशातला दयाळ त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. गाडी लावल्यावर आरशावर जुना मोजा चढवा. हुसकावू नका, बिचारा दमून जातो.

रोखठोक_७६
सगळे उपाय वाचले. माझं मत, रॅट केक (उंदीर मारायच्या विषाची वडी) ठेवा बॉनेटखाली दोन तुकडे, आठ दिवसांत विषय संपतो. लाखाची गाडी आहे, उंदरावर दया कशाला.

वायरमन_सातारा
दादा, राग समजतो, पण बॉनेटखाली केक कधीच ठेवू नका. खाऊन तो लगेच मरत नाही, त्या औषधाने आतून रक्तस्राव होऊन मरायला तीन-चार दिवस लागतात, आणि तोपर्यंत तो तुमच्याच गाडीत हीटरच्या डब्यामागे जाऊन बसतो. मागच्या वर्षी अशा एका गाडीचा पूर्ण डॅशबोर्ड उतरवला, दीड दिवस काम, मजुरीच नऊ हजार. वास सीटच्या कापडातून दोन महिने गेला नाही.

सर्पसखा_चिपळूण
आणि तो अर्धमेला उंदीर मांजर खातं, गव्हाणी घुबड खातं, धामण खाते. विष त्यांच्यातही उतरतं. मग पुढच्या वर्षी उंदीर धरणारं कोणीच उरत नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं, ती भर लगेच काढते. घुबड वर्षात एकदा-दोनदा अंडी घालतं.

रोखठोक_७६
मांजर-घुबडाचा विचार केला नव्हता. माझ्याकडे पिंजरापण आहे, तो लावतो. पिंजऱ्यात काय ठेवायचं?

मीनल_ठाणे
भाजलेलं सुकं खोबरं नाहीतर सुकट. आणि पहिले दोन-तीन दिवस पिंजरा उघडाच बांधून ठेवा, त्यांना नवीन वस्तूचा संशय असतो. बालरोग ताई, गोळ्या काढल्या, धन्यवाद.

निशिगंध
हे लिहू की नको असं झालं होतं. गेल्या डिसेंबरात सकाळी साडेसहाला घाईत गाडी चालू केली आणि बॉनेटखालून आवाज आला. रात्री उबेला मांजराचं पिल्लू आत जाऊन बसलं होतं, पट्ट्यात सापडलं. माझ्या मुलाने त्याला आदल्याच दिवशी दूध पाजलं होतं. आता रोज निघताना बॉनेटवर दोन थापा मारते, एकदा हॉर्न वाजवते, दहा मोजते आणि मगच चावी लावते. कातरवेळ, तुमच्या खाली तीन पिल्लं आहेत म्हणालात, म्हणून लिहिलं.

कातरवेळ (पुणे)
निशिगंध, वाचून गलबलून आलं. आजपासून आम्ही दोघंही थापा मारणार आणि लिफ्टमध्ये तसा कागद लावणार.

चिचुंद्री_वाचवा
एक छोटीशी विनंती. लांब नाकाची, चीं चीं करत भिंतीच्या कडेने पळणारी, उग्र वासाची चिचुंद्री दिसली तर तिला उंदीर समजून मारू नका. ती कुरतडणाऱ्यांतली नाहीच, झुरळं आणि किडे खाते. तुमच्या वायरी तिने खाल्लेल्या नसतात. त्याउलट फरशीखाली मातीचे ढीग आणि मुठीएवढी भोकं दिसली तर ती घूस, ती किलोभरसुद्धा भरते आणि पार्किंगच्या फरशा खचवते. आधी नक्की कोण आहे ते बघा.

आकडेमोड
कातरवेळ, काय झालं दाव्याचं?

कातरवेळ (पुणे)
नऊ दिवसांनी लिहितेय, मोठं अपडेट आहे.

दावा केला नाही. इथल्याच एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो, त्यांना वायरमनदादांचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला, त्यांनी अगदी तसंच काम केलं, अकरा वायरी, नवीन नळी, केबिन फिल्टर, ब्लोअर उतरवून साफ, पाव इंची जाळी, सगळे मिळून 7,800. 45 टक्के बोनस शाबूत. सासूबाई काल पहिल्यांदा गाडीतून आल्या, वास नाही म्हणाल्या.

पण घरट्यातले ज्वारीचे दाणे माझ्या डोक्यातून जात नव्हते. आमच्याकडे ज्वारी येतच नाही. म्हणून दोन रात्री जेवणानंतर मी आणि नवरा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये थांबलो. साडेअकराला ते यायला लागले, मोजून सात, सगळे एकाच बाजूने. पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा रोज सकाळी भिंतीच्या कट्ट्यावर कबुतरांना ज्वारी टाकतात, उरलेली रात्रभर तिथेच असते. त्याच्या पलीकडे ओल्या कचऱ्याचा ड्रम, झाकण तुटलेलं. आणि आमची गाडी या दोन्हींच्या बरोबर मध्ये, तीन आठवडे न हललेली, जमिनीपर्यंत कव्हर घातलेली. आम्हीच त्यांना तंबू बांधून दिला होता. आमच्या ओळीतल्या रोज जाणाऱ्या गाड्यांना दात लागलेला नाही, उभ्या राहणाऱ्या तीन गाड्यांना लागलाय, त्यातल्या दोघांना ते माहीतही नव्हतं, आम्ही बॉनेट उघडून दाखवलं.

आजोबांशी बोलायला मला धीर होत नव्हता. त्यांच्या पत्नी गेल्यापासून ते दाणे टाकतात, त्या टाकायच्या म्हणून. नवरा आणि मी चहाला गेलो, फोटो दाखवले, भांडण नाही काही नाही. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की हिला हे कधीच आवडलं नसतं. आता मूठभर दाणे सकाळी टाकतात, समोर बसून राहतात आणि नऊ वाजता स्वतः कट्टा झाडून घेतात. झाकणाचा नवीन ड्रम सोसायटीने आणला, तो रात्री गेटबाहेर जातो. कव्हर काढून टाकलं, दर दोन दिवसांनी गाडी निदान चौकापर्यंत नेऊन आणतो आणि जागा बदलून लावतो. पिंजऱ्यात चार सापडले, माळी त्यांचं बघतो, मी विचारत नाही.

काल रात्री परत साडेअकराला खाली गेलो. एक आला, ड्रमच्या जागी हिंडला, परत गेला. मांजर कट्ट्यावर बसली होती, पिल्लं तिच्या मागे.

सर्पसखा_चिपळूण
ताई, गणपतीला गावी जाणार असाल तर गाडी आठ-दहा दिवस परत उभी राहील. शेजाऱ्याकडे चावी देऊन ठेवा.

कातरवेळ (पुणे)
आजोबांकडेच देतेय. त्यांना चालवता येते, त्यांनीच विचारलं.